तहसीलच्या फोनवर पुरात उतरलेल्या पोराचा पाय मोडला, तर भरपाई कुणी द्यायची?

तापीकाठ
हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की आमच्या गावात पट्टीच्या पोहणाऱ्या चार पोरांचे फोन खणखणतात. गेल्या पावसाळ्यात असाच निरोप आला. नाल्यापलीकडच्या वस्तीतली माणसं काढताना एकाचा पाय दगडांत अडकला आणि नडगी मोडली. रॉड टाकला. हा पोरगा केळीच्या कापणीवर रोजाने जातो. घड खांद्यावर घेऊन चिखलातून ट्रकपर्यंत न्यायचा, हे त्याचं काम. दिवाळीपर्यंत खाटेवर होता, आणि आजही घड उचलला की पाय लटपटतो.

तोच पाय ठेकेदाराच्या कामावर मोडला असता तर निदान दावा तरी ठोकता आला असता. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यात तात्पुरत्या अपंगत्वाला दर पंधरवड्याला मासिक मजुरीच्या २५ टक्के, म्हणजे महिन्याला निम्मी मजुरी मिळते. तीही पाच वर्षांपर्यंत. पुरात गेला म्हणून शून्य. माझं म्हणणं सरळ आहे. तहसील असो, ग्रामपंचायत असो की वनखातं, ज्याने बोलावलं तो तेवढ्या वेळेपुरता मालक धरा आणि किमान वेतनावर हिशोब करा.

नाना_पारोळा
भाऊ, पोराबद्दल वाईट वाटलंच. पण सेवेला मालक-नोकर लावायचं म्हणजे सेवा संपली. ३० ऑगस्ट २०२१ च्या रात्री तितूर आणि डोंगरी फुगल्या, चाळीसगावात पाणी शिरलं, तेव्हा लोक फोनची वाट बघत बसले होते का? उद्या कायदा आला की ग्रामसेवक म्हणेल, नको रे बाबा, तू उतरू नकोस, माझ्यावर दावा येईल. आणि पूर ओसरल्यावर ‘मीबी होतो’ म्हणणारे किती निघतील? गळ्यात कार्ड घालून मिरवणारे कमी आहेत का आपल्याकडे?

सर्पमित्र_यावल
नाना, रात्री दोनला केळीच्या बागेत घोणस निघाली की तुमच्यासारखेच आम्हाला उठवतात. पेट्रोल आमचं, काठी आमची. गंमत बघा, गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत सर्पदंशाने शेतकरी गेला तर घरच्यांना २ लाख मिळतात. साप तोच, बाग तीच. मला चावला आणि घरात कुणाच्या नावावर सातबारा नसला, तर काही नाही. वनखात्याची भरपाई बिबट्या, अस्वल, रानडुकराला आहे, सापाला नाही. २०२५ साली महसूलमंत्र्यांनी सर्पमित्रांना ओळखपत्र आणि १० लाखांचा अपघात विमा जाहीर केला, ते ऐकून हुरूप आला होता. माझ्या खिशात अजून तरी कार्ड नाही.

धुळे_वकिली
कायद्याचं थोडं. १९२३ चा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू आहे. त्यात गिग कामगारांना, म्हणजे ॲपवरून काम घेणाऱ्या डिलिव्हरीवाल्यांसारख्यांना, नावानिशी जागा मिळाली, स्वयंसेवकाला नाही. तीस वर्षांचा मजूर कामावर मेला तर जुन्या सूत्राने, १५,००० ची वेतनमर्यादा धरून, निम्मं वेतन ७,५०० गुणिले वयानुसार ठरलेला गुणांक २०७.९८, म्हणजे १५,५९,८५० रुपये होतात. स्वयंसेवकाला वेतनच नाही, म्हणून गुणायला आकडाच नाही. तापीकाठ म्हणतात तसं किमान वेतन मानीव धरलं तर ही अडचण सुटते.

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे २०२२ ते २०२६ चे निकषही वाचा. मृत्यूला ४ लाख, आणि मदतकार्यात असलेलेही त्यात धरायचे असं स्पष्ट लिहिलंय. जखमीच्या ओळीत मात्र ते शब्द नाहीत. तिथे आठवड्याहून जास्त दवाखान्यात राहिलात तर १६,०००, कमी राहिलात तर ५,४००. हे पैसे मुळात आपत्तीत सापडलेल्यांसाठी, मदतीला गेलेला त्यात बसवावा लागतो.

आणि नाना, स्वयंसेवकाला भरपाई ही काही नवी टूम नाही. १९६२ च्या युद्धानंतर आपल्याच संसदेने नागरी संरक्षणाच्या स्वयंसेवकांच्या जखमांसाठी कायदा केला, फक्त आणीबाणीच्या काळापुरता. कॅलिफोर्नियात नोंदणी केलेल्या आपत्ती स्वयंसेवकाला थेट कामगार भरपाईच मिळते.

निवृत्त_अव्वल_कारकून
अमेरिका राहू द्या. मी तहसीलच्या टेबलावर आयुष्य काढलंय. मालक धरला की खातं पहिल्या दिवसापासून ‘हा आमचा नव्हेच’ हे सिद्ध करायला लागेल. त्यापेक्षा विमा बरा, तिथे चूक कुणाची ते बघत नाहीत. प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांत २ लाख देतो. आपदा मित्र योजनेत प्रशिक्षित स्वयंसेवकांना ५ लाखांचा विमा दिला होताच. यादी करा, हप्ता ग्रामपंचायतीने भरावा, विषय मिटला.

आशाताई_धडगाव
विषय कसा मिटला, साहेब? २०२४ साली शासनाने आम्हा आशांना अपघाती मृत्यूला १० लाख आणि कायमच्या अपंगत्वाला ५ लाख मंजूर केले. मोर्चे काढून, संप करून मिळालं, चांगलंच झालं. पण सातपुड्यात पाड्यावर जाताना पाय मुरगळून महिनाभर बसले तर त्यात काय आहे? त्या महिन्याचा कामावरचा मोबदलाही बुडतो. मरायचं किंवा कायमचं पांगळं व्हायचं, मधल्या बाईला कुणी विचारत नाही. तुमच्या २० रुपयांच्या विम्यातही तेच.

आणि तापीकाठ भाऊ, राग नको, पण एका रात्रीच्या पोहणाऱ्याला कामगार म्हणायच्या आधी बारा महिने राबणाऱ्या आम्हाला म्हणा. आमच्या नावापुढे अजून ‘स्वयंसेविका’च लिहितात.

तापीकाठ
ताई, तुमचा नंबर आधी लागावा, मान्य. पण तुमच्या मोबदल्याचा कागद तरी आहे. याचा तोही नाही. कारकून साहेब, विमा घ्याच, मी नको म्हणत नाही. पण बुडालेला रोज त्यातून भरून निघत नाही. या पोराच्या घरी दुखणं दवाखान्याच्या बिलाचं कमी आणि किराणा दुकानाच्या उधारीचं जास्त होतं.

नाना_पारोळा
गावाने वर्गणी काढली असेल ना? मंग?

तापीकाठ
काढली. गणपतीच्या आधी काढली म्हणून जमली. त्याला पैसे द्यायला गेलो तर मान वर करून बघत नव्हता. दुसऱ्यांची माणसं काढणाऱ्यावर ही पाळी का यावी?

नाना_पारोळा
तुमन्हं म्हननं खरं शे. पन सरकारना दारे जाईसन तरी मान ताठ राही का? आणि बोलावलं कुणी हे लिहून कोण देणार? आमच्याकडे तर तलाठी ग्रुपवर टाकतो, ‘पोहता येणाऱ्या सर्व तरुणांना विनंती.’ नाव कुणाचंच नाही.

धुळे_वकिली
तरी तो मेसेज पुसू नका. पाठवणाऱ्याचा नंबर आणि वेळ त्यात दिसते. त्यासोबत पंचनामा आणि दवाखान्यात भरती झाल्याचा कागद जोडून जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज टाका. १६,००० वर अडले, तरी कोणत्या कारणाने अडले ते लेखी मागा.