मदत हवी आहे: बेंजोच्या जुन्या व्हॉल्व्ह अँपचं न्यूरल मॉडेल, ट्रेनर रेकॉर्डिंग नाकारतोय

नमस्कार मंडळी, न्यूरल अँप मॉडेलर म्हणजे नॅम (खऱ्या अँपच्या रेकॉर्डिंगवरून त्याचा आवाज शिकणारं सॉफ्टवेअर) वापरणारं कोणी असेल तर प्लीज बघा, गिटार अँपवर ढिगाने माहिती मिळते पण माझी केस वेगळी आहे.

गिरगावात आमची बेंजो पार्टी आहे. बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेला बुलबुलतरंग, पिकअप लावलेला, आणि तो आम्ही अजून ३० वॉटच्या जुन्या व्हॉल्व्ह पीए अँपमधून भोंग्यावर वाजवतो. तार जोरात छेडली की आवाज आधी दबतो आणि मग फुलत वर येतो, हळदीला कोळीगीत लागलं की त्या फुलण्यावरच पब्लिक नाचतं. कीबोर्डवर बेंजोचा टोन लावून ते होत नाही, कितीही ईक्यू फिरवा. आता चांगले व्हॉल्व्ह मिळायची मारामार, त्यामुळे अँप चालू आहे तोवर त्याचा आवाज नीट धरून ठेवायचाय.

सेटअप असा: कॉम्प्युटरच्या ऑडिओ इंटरफेसच्या लाईन आऊटमधून री-अँप बॉक्स (लाईन सिग्नल पिकअपच्या सिग्नलसारखा करणारा डबा), तिथून अँपचं इनपुट. भोंगा काढलाय, पण व्हॉल्व्ह अँप लोडशिवाय चालवला तर आऊटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो म्हणून १६ ओहमच्या टॅपवर लॅमिंग्टन रोडवरून आणलेला ५० वॉटचा वायरवाऊंड रेझिस्टन्स लावलाय. फुल पॉवरला तिथे जवळपास २२ व्होल्ट येतात, ते थेट इंटरफेसला दिले तर इंटरफेस उडेल, म्हणून मध्ये व्होल्टेज डिव्हायडर. नॅमची साधारण ३ मिनिटांची ठरलेली फाईल ४८ किलोहर्ट्झला वाजवून रेकॉर्ड केली, सगळे नॉब एका जागी ठेवून, मॉडेलचं ट्रेनिंग गूगल कोलॅबवर, म्हणजे गूगलच्या ऑनलाइन कॉम्प्युटरवर.

अडचण इथे आहे. त्या फाईलमध्ये एकच तुकडा दोनदा येतो आणि दोन्ही वेळचं रेकॉर्डिंग जुळतंय का ते ट्रेनर तपासतो. माझं जुळत नाही. डिले किंवा कोरस मध्ये असला की असं होतं हे माहीत आहे, पण तसलं काहीच जोडलेलं नाही. मला संशय ५० हर्ट्झच्या हमचा, म्हणजे विजेच्या घुमण्याचा आहे, बऱ्यापैकी हम आहे आणि तो दोन्ही तुकड्यांत एकाच जागी सुरू होणार नाही हे उघड आहे. पण दुसरा संशय जास्त छळतोय, तो म्हणजे सॅग. जोरात वाजलं की पॉवर सप्लायच्या कपॅसिटरवरचं व्होल्टेज खाली येतं आणि ते पुन्हा भरायला वेळ घेतात, आणि मॉडेल मागचा फारच थोडा आवाज बघून पुढचा ठरवतं, मग ते फुलणं त्याला कळणार कसं? चेक बंद करून ट्रेन केलं तर ईएसआर (मॉडेल आणि खऱ्या आवाजातली चूक, कमी तितकी चांगली) ०.१५ च्या खाली येत नाही. मध्यम आवाजात मॉडेल हुबेहूब वाटतं, जोरात छेडलं की फुलणं गायब.

तर विचारायचं हे की आधी फिल्टर कपॅसिटर बदलून हम मारू का, की त्याने सॅगच बदलेल आणि जे धरायचंय तेच हातातून जाईल? असा स्लो रिस्पॉन्स एलएसटीएमवाल्या (मागचं लक्षात ठेवणाऱ्या न्यूरल नेटवर्कच्या) मॉडेलने कोणी नीट पकडलाय का? आणि भोंग्याचं काय करावं, वेगळा आयआर (इम्पल्स रिस्पॉन्स, भोंग्याच्या टोनचा ठसा) काढला तर डायफ्राममुळे आवाज फाटतो ते त्यात येणार नाही, मग माईक लावून अँप आणि भोंगा एकत्रच कॅप्चर करू का? चाळीत भोंगा फुल लावता येत नाही, त्यामुळे हॉल घ्यावा लागेल, म्हणून आधी विचारतोय. रेकॉर्डिंग हवं असेल तर सांगा, लिंक देतो. गणपतीआधी झालं तर फार बरं होईल.