भाड्याचं घर, भिंतीला ओल: दोष राहण्याचा की बांधकामाचा?

बेडरूमची एक भिंत बाथरूमला लागून आहे. तिथे जमिनीपासून फूटभर पोपडे आणि पांढरी भुकटी आहे. बाहेरच्या भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात आणि कपाटामागे काळी बुरशी. घरमालकांच्या मते खिडक्या बंद राहिल्यामुळे हे झालं. ते नवा रंग लावून द्यायला तयार आहेत. रंगाने थांबेल का? कारण कसं शोधायचं?

प्रतिसाद १
आत्ता रंग नको. ही दोन वेगळी दुखणी आहेत.

पांढरी भुकटी म्हणजे क्षार. पाणी भिंतीतून झिरपत येतं, पृष्ठभागावर सुकतं आणि क्षार मागे उरतात. याचा खिडक्यांशी संबंध नाही. कोपऱ्यातल्या बुरशीबद्दल मात्र घरमालकांचं म्हणणं बरोबर असू शकतं: दमट हवा गार भिंतीला टेकली की बाष्प जमतं. कपाट भिंतीपासून तीनेक इंच पुढे ओढा, कपडे खोलीत वाळत घालू नका.

खात्री करायची तर भिंत पुसून दीड फूट चौकोनी पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवा. सुटे पोपडे आधी खरवडा, नाहीतर टेप धरणार नाही. 24 तासांनी थेंब भिंतीकडच्या बाजूला असतील तर पाणी भिंतीतलं, खोलीकडच्या बाजूला असतील तर हवेतलं.

मग बाथरूम. नहाणीच्या जाळीखाली प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कापडाचा बोळा घट्ट बसवा, इंचभर रंगीत पाणी साठवा (उंबरा तेवढा उंच आहे ना ते बघा), पातळीवर पेन्सिलने खूण करा आणि 24 तास थांबा. एकदोन मिलिमीटर बाष्पीभवनात जातं. त्याहून जास्त उतरलं तर फरशीचे सांधे गळताहेत.

प्रतिसाद २
मालक स्वतः राहत असेल तर असा डाग त्याला रोज दिसतो. भाड्याच्या घरात सोसणारा एक आणि खर्च ठरवणारा दुसरा, म्हणून गळती तशीच ठेवून रंगाचा हात फिरतो. ओल्या प्लास्टरवरचा रंग फुगून सुटतो. गळती थांबल्यावरही वीटकाम ढोबळमानाने इंचाला एक महिना या गतीने वाळतं. चाचणीचे फोटो फूटपट्टी ठेवून, तारखेसह काढा आणि घरमालकांना लेखी पाठवा.

धागाकर्ता
प्लास्टिकच्या आत भिंतीकडे थेंब आले. नहाणीचं पाणी मात्र जेमतेम 2 मिमी उतरलं. म्हणजे सांधे ठीक?

प्रतिसाद १
फरशी ठीक. पण बोळ्यामुळे ट्रॅपच्या (जाळीखालचा, पाणी धरून वास अडवणारा भाग) खालच्या भागात पाणी गेलंच नाही. आता बोळा काढून चारपाच बादल्या ओता आणि दोन दिवस डागाची कड पेन्सिलने आखत राहा. कड सरकली तर ट्रॅप आणि पाइपचा जोड फुटलाय. तिथली फरशी उचलावीच लागेल, वरून ग्राउट (सांधे भरायचं मिश्रण) भरून उपयोग नाही. सरकली नाही तर भिंतीतली नळाची लाइन तपासा. बाथरूमचा कॉक रात्रभर बंद ठेवा, प्लंबरकडून लाइनला प्रेशर गेज (पाण्याचा दाब दाखवणारं यंत्र) लावून घ्या. सगळे नळ बंद असताना काटा खाली आला, तर गळती त्याच लाइनमध्ये आहे.