पहिल्या डायव्हर्टिक्युलायटिसनंतर पुढे काय?

प्रश्न
सीटी स्कॅनमध्ये सिग्मॉइडचा (मोठ्या आतड्याचा डावीकडचा खालचा भाग) साधा डायव्हर्टिक्युलायटिस (आतड्याच्या भिंतीतल्या छोट्या पिशव्यांना आलेली सूज) निघाला, गळू नाही, आतडं फुटलेलं नाही, उपचारांनी उतरला. अशा वेळी पुन्हा होण्याची शक्यता किती? बिया-दाणे सोडायचे का? आणि 'दोनदा झाला की ऑपरेशन' हे अजून खरं आहे का?

प्रतिसाद १
साध्या पहिल्या ॲटॅकनंतर वर्षभरात साधारण ८ टक्के, दहा वर्षांत २० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे बहुतेकांना दुसरा येतच नाही. दुसरा येऊन गेला की मात्र आकडा चढतो, दहा वर्षांत निम्म्याहून जास्त जणांना तिसरा येतो.

पण पुन्हा येणं वेगळं आणि आतडं फुटणं वेगळं, इथेच गल्लत होते. फुटण्याचा धोका सगळ्यात जास्त पहिल्याच वेळी, नंतर तो उतरतो. म्हणून नुसते ॲटॅक मोजून ऑपरेशन ठरवणं मागे पडलं. आता बघतात ते गळू, अरुंद झालेलं आतडं, मूत्राशयाशी जोडली गेलेली वाट (लघवीतून बुडबुडे येतात), प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं आणि त्रासामुळे रोजचं जगणं किती अडतंय ते.

प्रतिसाद २
कोलोनोस्कोपी (मोठं आतडं आतून दुर्बिणीने तपासणं) विसरू नका. ॲटॅकनंतर ६ ते ८ आठवड्यांनी, आधीच्या वर्षभरात नीट झालेली नसेल तर. कारण जाड झालेली भिंत स्कॅनवर कॅन्सरचीही तशीच दिसते. घाईही नको, सुजलेल्या आतड्यात हवा भरली तर ते फुटू शकतं.

बिया-दाण्यांचं भय निराधार आहे. २००८ साली सुमारे ४७ हजार पुरुषांच्या १८ वर्षांच्या पाहणीत दाणे आणि पॉपकॉर्न खाणाऱ्यांचा धोका वाढलेला दिसला नाही, उलट कमीच होता.

फायबर वाढवा, पण हळूहळू, नाहीतर गॅसने पोट फुगतं आणि लोकांना वाटतं ॲटॅकच आला. इसबगोल एक चमचा, पूर्ण ग्लासभर पाण्यात, ढवळून लगेच प्यायचं; पाणी कमी पडलं तर त्याचा गोळा होऊन अडकतो. ॲटॅक चालू असताना मात्र फायबर नको, पातळ आहार.

आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक टाळा, पॅरासिटामॉल चालेल. हृदयासाठीची ॲस्पिरिन मनाने बंद करू नका. सिगारेट आणि पोटाचा घेर, दोन्ही धोका वाढवतात.

प्रतिसाद ३
पुन्हा होऊ नये म्हणून मेसालामिन (आतड्याची सूज कमी करणारं औषध) लिहून दिलेलं दिसतं. चाचण्यांत त्याचा उपयोग झालेला नाही, प्रोबायोटिक्सनाही (आतड्यासाठी उपयोगी जिवाणू) भक्कम आधार नाही.

आणखी एक. उतरल्यावरही महिनोन् महिने अधूनमधून डावीकडे दुखणं नेहमीचं आहे. दर वेळी तो नवा ॲटॅक नसतो, आतड्याच्या नसा हळव्या झालेल्या असतात. स्कॅन आणि कोलोनोस्कोपी स्वच्छ असेल तर प्रत्येक दुखण्याला अँटिबायोटिक नको. ताप, थांबत नसलेल्या उलट्या किंवा पोट लाकडासारखं कडक झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल.