२०९५ सालचं खान्देश लिहितोय पण ते आपलं वाटतच नाहीये, काय करू?

तापीकाठ_०७:
नमस्कार मंडळी, दीड वर्षापासून एक कादंबरी लिहितोय, चौदा ते अठरा वयाच्या पोरांसाठी. साल २०९५, तापी कोरडी पडलेली, पाणी सगळं एका कंपनीच्या हातात, पोरगं चौदाचं झालं की त्याला पाण्याचं कार्ड मिळतं आणि कार्डाच्या रंगावरून पुढचं आयुष्य ठरतं. नायिका १६ वर्षांची, तिचं कार्ड रद्द होतं. सात प्रकरणं झाली. भाचीला वाचायला दिली तर म्हणे मामा, हे डब केलेल्या पिक्चरसारखं वाटतंय, फक्त नावं आपली आहेत. झोंबलं, पण खरंय, माझ्या गावात काचेचे मनोरे आणि काळ्या वर्दीतले गार्ड आहेत, आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तिथे काचेत राहणार कोण. दुसरं म्हणजे सगळ्यांना अहिराणी बोलायला लावू का?

साक्रीवाला:
भाऊ कंपनी काढून टाक. आमच्या पांझरा नदीवर पाणी वाटायची फड पद्धत होती, काही ठिकाणी अजून तग धरून आहे, ती वापर. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे तीन-चार फड, एका फडात सगळ्यांचं एकच पीक, आणि प्रत्येकाची थोडी थोडी जमीन बहुतेक सगळ्या फडांत. त्यामुळे पाणी कमी पडलं की गावकी ठरवते यंदा अमुक फड भिजणार नाही आणि झळ सगळ्यांना सारखी बसते. शेतकरी स्वतः पाणी सोडत नाही, ते काम पाटकऱ्याचं. आता तू असं कर की २०९५ पर्यंत जमिनी विकून विकून एकेका कुटुंबाचं सगळं रान एकाच फडात आलंय पण नियम तोच आहे. म्हणजे "यंदा तिसरा फड कोरडा" असं ठरलं की तीस घरं उपाशी, आणि सभेत सगळे म्हणणार आम्ही तर वाडवडिलांचाच न्याय पाळतोय. गार्डची गरजच नाही. पोरगी पाटकऱ्याची कर, रात्री बापाच्या हातात पाटाचं दार असतं ना.

केळीवाली_रावेर:
अरे वा, फडाचं मस्त आहे 👌 माझ्याकडून केळी घे. आमच्याकडची टिश्यूकल्चरची रोपं म्हणजे एकाच झाडाच्या नकला, त्यामुळे जे एका झाडाला मारतं ते सगळ्या बागेला मारू शकतं. मागे ग्रो मिशेल नावाचं वाण पनामा रोगाने जगाच्या बाजारातून असंच गेलं, मग कॅव्हेंडिश आलं आणि आपलं ग्रँड नैन त्यातलंच. तुझ्या गोष्टीत एखाद्या म्हातारीने परसात जुन्या वाणाचं एक खुंट लपवलेलं असू दे, बेकायदेशीर. कार्डापेक्षा ते पोरांच्या जास्त लक्षात राहील.
अहिराणीचं जपून हं! रावेर-यावलला लेवा बोली, जामनेरकडे तावडी, आम्हाला सरसकट अहिराणी बोलायला लावलंस तर शिव्या खाशील.

निशाचर:
आणि बोली फक्त गरिबांना देऊ नको प्लीज, खलनायक शुद्ध पुणेरी आणि नायिका अहिराणी हे वाचून कंटाळा आलाय. फडाचा मुख्य माणूसच सभेत शांतपणे "आठे पानी नही शे" (इथे पाणी नाही) म्हणाला आणि उठून गेला तर अंगावर काटा येईल, कारण तो घरचा माणूस आहे, आजोबांसारखा बोलतोय.

तापीकाठ_०७:
बाप रे. मनोरे पाडले आत्ताच, गार्डपण गेले. @साक्रीवाला एक अडचण आहे, पाटकऱ्याच्या पोरीने रात्री दार उघडून तिसऱ्या फडात पाणी सोडलं तर दुसऱ्या फडातल्या मैत्रिणीचं पीक जळणार ना?

साक्रीवाला:
जळणारच. पाणी तेवढंच आहे भाऊ. तिथूनच सुरू कर, आधीची सात प्रकरणं राहू दे बाजूला.

तापीकाठ_०७:
सातही?? 😭 बरं. आखाजीला भाची येतेय, तोवर पहिलं तरी नवीन लिहितो.