तिसरी-चौथीसाठी भूगोलाचे वेब सॉफ्टवेअर : सुरुवात जिल्ह्याच्या नकाशापासून करावी का?

कोयनाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी वेब डेव्हलपर आहे. पाटण तालुक्यातल्या आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेसाठी ‘परिसर अभ्यास’ विषयातील भूगोलाचा भाग शिकवणारे, ब्राउझरमध्ये चालणारे एक छोटे सॉफ्टवेअर मी फावल्या वेळात तयार करत आहे. पहिल्या आवृत्तीत सातारा जिल्ह्याचे ११ तालुके बोटाने उचलून योग्य जागी ठेवण्याचा खेळ आहे. मुलांनी तो दोन दिवसांत आत्मसात केला आणि मी खूश झालो. तिसऱ्या दिवशी मैदानावर दक्षिणेकडे तोंड करून उभ्या असलेल्या एका मुलाला मी विचारले, “कराड कुठल्या दिशेला?” त्याने क्षणाचाही विलंब न लावता “पूर्वेला” असे अचूक उत्तर दिले आणि उजवा हात थेट कोयना धरणाकडे, म्हणजे पश्चिमेला केला.

हा दोष माझ्या खेळाचा आहे असे मला वाटते, परंतु तो नेमका कुठे आहे हे उमगत नाही. शिवाय सीमांची माहिती कुठून घ्यावी, आणि शाळेतले इंटरनेट पावसाळ्यात अनेकदा बंद असते तेव्हा नकाशा कसा चालावा, याबाबतही मार्गदर्शन हवे आहे.

खडू_फळा

मी प्राथमिक शिक्षिका आहे. आपल्या खेळात मूल नकाशा वाचत नाही, ते आकार जुळवते. माण तालुक्याच्या जागी केळीचे पान ठेवले असते, तरी त्याने ते तितक्याच तत्परतेने बसवले असते. त्याच्या लेखी पूर्व म्हणजे पडद्याची उजवी कड, कारण आपला नकाशा कधी फिरतच नाही.

माझा आग्रह असा, की पहिल्या काही पडद्यांवर जिल्हा नसावाच. बाकावरचे डस्टर बाजूने कसे दिसते आणि वरून कसे दिसते, इथून आरंभ करावा. मग वर्गखोली, मग मुलांनी पावलांनी मोजलेले शाळेचे मैदान, मग गाव. वरून पाहण्याची ही सवय लागली नसेल, तर तालुक्याची सीमारेषा मुलासाठी केवळ एक वाकडीतिकडी रेघ राहते. वर्गाच्या फरशीवर खडूने उत्तरेचा बाण काढावा, टॅबलेट जमिनीवर ठेवावा आणि पडद्यावरचा नकाशा त्या बाणाशी जुळेपर्यंत मुलाने स्वतः फिरवावा. स्वस्त टॅबलेटमध्ये होकायंत्राची सोय बहुधा नसते, त्यामुळे खडूच बरा. बाण काढताना मात्र “सूर्य उगवतो ती पूर्व” एवढ्यावर विसंबू नये; शाळा जूनमध्ये सुरू होते तेव्हा सूर्य पूर्वेच्या बराच उत्तरेला उगवतो, आणि तो नेमका पूर्वेला येतो तो मार्च व सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या (दिवस-रात्र जवळपास समान असतात त्या दिवसांच्या) सुमारास.

आणखी एक घोटाळा आपल्याकडे ठरलेला आहे. कोयना महाबळेश्वरहून दक्षिणेकडे येते, हेळवाकजवळ काटकोनात पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. नकाशात ती ‘वरून खाली’ येताना दिसते, म्हणून दक्षिण म्हणजे उतार अशी मुलांची खात्रीच पटते. यावर उपाय म्हणून त्याच पडद्यावर गिरणा दाखवावी. ती जळगाव जिल्ह्यात उत्तरेकडे वळून तापीला मिळते. “नदी वर कशी चढली?” हा प्रश्न मुलांनी विचारला, की उंची आणि दिशा वेगळ्या करून दाखवण्याची संधी आपोआप मिळते.

अक्षांश१७

तांत्रिक बाजूबद्दल लिहितो. भारताच्या सीमा कुठल्याही परदेशी मोफत संचातून उचलू नका. नॅचरल अर्थ या मोफत नकाशा-संचामध्ये मूळ सीमा प्रत्यक्ष ताब्यानुसार आखलेल्या असतात, आणि सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी विसंगत असा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणे हा आपल्याकडे १९६१च्या फौजदारी कायदा सुधारणा अधिनियमानुसार गुन्हा आहे.

ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या ऑनलाइन नकाशाच्या सर्व्हरवरून टाइल (नकाशाचे चौकोनी चित्र-तुकडे) घाऊक उतरवून ठेवण्यास त्यांच्या धोरणानुसार मनाई आहे, त्यामुळे इंटरनेटशिवाय चालण्याचा तो मार्ग बंद समजा. तुम्हाला टाइलची गरजही नाही. अकरा तालुके, तीन-चार नद्या आणि काही गावे एवढी माहिती जिओजेसनमध्ये (नकाशाचे बिंदू-रेषा मजकुरात साठवणाऱ्या फाइल-प्रकारात) घेऊन मॅपशेपर या साधनाने सीमारेषांचे अनावश्यक बिंदू कमी केले, की फाइल एका साध्या छायाचित्राहून लहान होते. ती सर्व्हिस वर्करने (ब्राउझरमध्ये फाइल साठवून ठेवणाऱ्या छोट्या प्रोग्रामने) एकदा साठवली की पुढे इंटरनेट असो वा नसो.

जिल्ह्यांची ओळख कोडमध्ये नावाने ठेवू नका, सांकेतिक क्रमांकाने ठेवा. पालघर २०१४ मध्ये वेगळा झाला आणि त्यानंतर छत्रपती संभाजीनगर, धाराशिव व अहिल्यानगर ही नावे आली. माझ्या जुन्या प्रकल्पात प्रत्येक वेळी अर्धा खेळ कोलमडत असे. देवनागरी नावांना अक्षरांमधले अंतर वाढवण्याची आज्ञा देऊ नका, शिरोरेखा तुटते. व्हेक्टर (रेषा-बिंदूंचे) नकाशे रेखाटणाऱ्या काही तयार कोड-संचांत, म्हणजे लायब्रऱ्यांत, जोडाक्षरेही विस्कटतात, म्हणून नावे एसव्हीजी या रेषाचित्र-प्रकारात मजकूर म्हणून लिहून ती मांडण्याचे काम ब्राउझरवर सोपवलेले उत्तम.

पुढे देशाचा नकाशा घेणार असाल, तर वेब मर्केटर प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याची ऑनलाइन नकाशांतली प्रचलित पद्धत) टाळा. त्यात काश्मीरचे क्षेत्रफळ कन्याकुमारीकडच्या भागाच्या तुलनेत सुमारे दीडपट फुगते. जिल्ह्यापुरता मात्र फरक नगण्य आहे.

घाटमाथा

वरील मतांचा आदर राखून सांगतो, की तालुक्यांचा खेळ काढून टाकू नये. माझ्या मुलीला त्यातूनच नावांची गोडी लागली. फक्त तालुका जागेवर बसला, की त्या जागेबद्दल काहीतरी घडावे. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्यातल्या माणमध्ये ५०० मिलिमीटरच्या आसपास. दोन्ही तालुक्यांवर पावसाची नळी भरताना दाखवली, तर सह्याद्री ओलांडताना ढग कुठे रिते होतात हे पोरे स्वतःहून विचारतील.

कोयनाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. डस्टरपासून सुरुवात करतो आणि तालुक्यांचा खेळ सहाव्या-सातव्या पडद्यावर नेतो. ताई, एकच शंका राहिली आहे. मुलाने नकाशा फिरवला, की गावांची नावेही त्याबरोबर फिरावीत की सरळच राहावीत?

खडू_फळा

सुरुवातीला सरळ राहू द्या, नाहीतर मुले नाव वाचता यावे म्हणून नकाशा पुन्हा मूळ जागी आणतील. उत्तरेचा बाण मात्र नकाशाबरोबर फिरलाच पाहिजे.