कोंबड्यांचं शेड धुऊन, चुना मारूनही पुढच्या बॅचमध्ये परत साल्मोनेला (आतड्यांचा रोग करणारा जंतू). लिटरमधले (शेडमध्ये अंथरलेल्या भुशातले) काळे किडे कारण असू शकतात का?

भुसावाला: नमस्कार मंडळी. ब्रॉयलरचं (मांसाच्या कोंबड्यांचं) शेड आहे, डीप लिटर, म्हणजे जमिनीवर भुशाचा जाड थर. मागच्या बॅचला पिल्लांची मर लागली आणि लॅबच्या रिपोर्टमध्ये साल्मोनेला आला. मग सगळं लिटर काढलं, प्रेशरनं धुतलं, जंतुनाशक फवारलं, चुना मारला, शेड काही दिवस मोकळं ठेवलं, आणि नवीन पिल्लं टाकली तर परत तेच. पाणी तपासलं ते ठीक आहे, हॅचरीचा रिपोर्टपण क्लीन. आता लक्ष जातंय ते भुशातल्या काळ्या किड्यांकडे, फीडरखाली जरा उकरलं की पिवळट अळ्या वळवळतात आणि कोंबड्या त्या मिटक्या मारत खातात. बरेच जण म्हणतात खाऊ दे, फुकटचं प्रोटीन आहे. यांच्यातून रोग येतो का खरंच?

पक्षीवैद्य: येतो. तुम्ही सांगताय तो लिटर बीटल, साधारण 6 मिमीचा काळा भुंगा. तो विष्ठा खातो, मेलेली पिल्लं खातो, सांडलेलं खाद्य खातो, त्यामुळे साल्मोनेला, ई. कोलाय, कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू त्याच्या अंगावर आणि आतड्यात दोन्हीकडे असतात. गंबोरो आणि मॅरेक्स या कोंबड्यांच्या रोगांचे व्हायरससुद्धा तो वाहून नेतो. तुमचं जंतुनाशक फरशीवरचे जंतू मारतं, किड्याच्या पोटातले नाही! आणि किडा तर तेव्हा भिंतीच्या भेगेत, इन्सुलेशनमध्ये, खांबाच्या बुडाशी मातीत बसलेला असतो. प्रौढ भुंगा कित्येक महिने जगतो म्हणजे शेड मोकळं ठेवण्याचा काळ त्याच्यासाठी काहीच नाही. नवीन पिल्लं आली, ब्रूडर (पिल्लांचा हीटर) लागला, ऊब मिळाली की बाहेर. एका दिवसाच्या पिल्लाच्या आतड्यात चांगले जंतू अजून बसलेले नसतात, त्यामुळे त्याला थोडासा साल्मोनेलासुद्धा पुरतो. म्हणून ते प्रोटीनचं डोक्यातून काढून टाका कृपा करून. हॅचरी आणि खाद्य हे दोन रस्तेही उघडे असतातच, पण धुऊनही परत येतंय म्हणजे आधी किडे बघा.

शेडनंबरदोन: डॉक्टरांनी सांगितलं ते बरोबर, मी फक्त वेळेचं सांगतो कारण सगळा खेळ तिथेच आहे. पक्षी उचलले की शेड गार पडायला लागतं आणि किडे लगेच भिंती चढायला लागतात, बहुतेक लोक तेव्हा दोन दिवस आराम करतात आणि मग लिटर काढतात, तोपर्यंत सगळे लपलेले. पक्षी गेले त्याच दिवशी, शेड गरम असताना, भिंतीच्या कडेनं, फीडर लाईनखाली, खांबांच्या बुडाशी कीटकनाशक मारा, मग लिटर काढा. धुऊन पूर्ण सुकल्यावर परत एकदा. ताज्या चुन्यावर सायपरमेथ्रिनसारखं कीटकनाशक मारू नका, अल्कलीत ते लवकर निकामी होतं. दर वेळी तेच औषध पण नको, किडे त्याला सरावतात, औषधाचा गट बदलत राहा. काढलेलं लिटर शेडच्या मागे टाकलंत तर किडे चालत नाहीतर उडत परत येतील (हो, उडतात, रात्री), लांब न्या, ढीग लावून झाका. ढीग आतून 55 अंशांच्या वर तापला की अळ्या आणि साल्मोनेला दोन्ही मरतात, पण कडा गार राहतात म्हणून ढीग उलथायला लागतो.

लेअरताई: माशा विसरू नका. घरमाशी उष्ण हवेत 7 ते 10 दिवसांत अंड्यापासून माशी होते, विष्ठेवर बसते, मग खाद्यावर ओकते, पायांच्या केसांतून जंतू नेते. डेन्मार्कमध्ये 2006 च्या उन्हाळ्यात 20 ब्रॉयलर शेडना माशी-जाळ्या लावून बघितल्या होत्या, जाळी नसलेल्या शेडमध्ये 51.4 टक्के कळप कॅम्पिलोबॅक्टर पॉझिटिव्ह निघाले आणि जाळीवाल्यांत 15.4 टक्के. फक्त जाळीनं एवढा फरक! कॅम्पिलोबॅक्टरनं कोंबडी आजारी दिसत नाही, त्रास होतो तो खाणाऱ्या माणसाला, म्हणून आपल्याकडून तो दुर्लक्षिला जातो आणि हे मला फार खटकतं. माशी थांबवायची तर ओल थांबवा. गळणारे निपल (कोंबड्या चोचीनं पाणी पितात ते नळ), पाण्याच्या लाईनखालचा चिखल, तिथेच अळ्या होतात. कोरड्या विष्ठेत माशी वाढत नाही.

भुसावाला: खूप आभार सगळ्यांचे. आत्ता शेडमध्ये पक्षी आहेत, तर लिटरवर आत्ताच फवारलं तर चालेल का?

पक्षीवैद्य: नाही. लेबलवर पक्षी असताना वापरायची परवानगी आणि विथड्रॉवल पीरियड (औषधानंतर मांस-अंडी विकण्याआधी थांबायचे दिवस) लिहिलेला असेल तेवढंच वापरायचं, तेही तुमच्या डॉक्टरांना विचारून. पक्षी तो भुसा चोचीनं उकरतात, मेलेले किडे वेचतात, औषध मांसात किंवा अंड्यात जातं. 2017 मध्ये युरोपात लाल माइट (कोंबडीचं रक्त पिणारा बारीक किडा) मारायला कोंबड्यांच्या शेडमध्ये बंदी असलेलं फिप्रोनिल हे कीटकनाशक वापरलं गेलं आणि लाखो अंडी बाजारातून परत घ्यावी लागली. आत्ता ओला गठ्ठा झालेला भुसा रोज काढा, मर झालेली पिल्लं तासाभराच्या आत उचला, निपल दुरुस्त करा. आणि फीडरखालचे थोडे किडे स्वच्छ डबीत घेऊन लॅबला कल्चरसाठी (जंतू वाढवून तपासायला) द्या, म्हणजे अंदाजावर चालायला नको.

भुसावाला: देतो उद्याच. रिपोर्ट आला की इथे टाकतो.