बारावीनंतर वकिलीच्या शिक्षणाकडे वळावे का?

बार्शीची_विद्यार्थिनी

नमस्कार. मी बार्शी तालुक्यातील एका गावात राहते. यंदा कला शाखेतून बारावी झाले आणि ७१ टक्के गुण मिळाले. दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे. आमच्या घरात कोणीही वकील नाही, परंतु न्यायालय मात्र लहानपणापासून कानावर आहे, कारण वडील आणि चुलते यांच्यात जमिनीच्या वाटपाचा दावा गेली नऊ वर्षे चालू आहे. तारखेच्या दिवशी वडील पहाटे गुरांचे आवरतात, सातबारा आणि जुने फेरफार प्लास्टिकच्या पिशवीत घालून निघतात आणि संध्याकाळी परत आल्यावर ‘काही कळलं नाही, पुढची तारीख पडली’ एवढेच सांगतात. हे ऐकतच मोठी झाल्यामुळे कायदा शिकावा आणि जमल्यास न्यायाधीश व्हावे, असे मला मनापासून वाटते.

वडिलांचा विरोध नाही, पण वकिलीत बस्तान बसायला दहा वर्षे लागतात, तोवर काय करणार, असे ते विचारतात. मामांचे म्हणणे आहे की बी.कॉम. करून बँकेच्या परीक्षा द्याव्यात. मराठी माध्यमामुळे मी मागे पडेन का, पाच वर्षांचा अभ्यासक्रम घ्यावा की पदवीनंतर तीन वर्षांचा, आणि हातात पैसे केव्हा येऊ लागतात, याबद्दल अनुभवी मंडळींनी सांगावे ही विनंती.

तालुका_वकील

मी बावीस वर्षे तालुका न्यायालयात दिवाणी कामे चालवते आहे. सर्वांत आधी वर्षांचा हिशेब नीट मांडा, कारण तिथेच बहुतेकांची फसगत होते. अभ्यासक्रम पाच वर्षांचा असला तरी तुम्ही आठ वर्षे धरून चाला. पदवीनंतर बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा यांच्याकडून सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, घ्यावी लागते आणि अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. त्या परीक्षेला टिपणे नसलेली कायद्याची मूळ पुस्तके जवळ बाळगता येतात, त्यामुळे तिची धास्ती घेऊ नका. सनदेच्या शुल्काचीही आता चिंता राहिलेली नाही, कारण खुल्या प्रवर्गासाठी ७५० रुपयांपेक्षा आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपयांपेक्षा अधिक नोंदणी शुल्क घेता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी दिला आहे. खरी कसोटी त्यानंतर लागते. पूर्वी नव्या पदवीधरांनाही कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला बसता येत असे, पण सर्वोच्च न्यायालयाच्याच २० मे २०२५ च्या निकालाने किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. म्हणजे न्यायाधीश व्हायचे असले तरी ज्युनियर म्हणून तीन वर्षे काढावीच लागतील.

ती तीन वर्षे कशी असतात, हे तुमच्या वडिलांनाही वाचून दाखवा. मला माझ्या सीनियरांकडून सुरुवातीला महिन्याला पंधराशे रुपये मिळत आणि त्यांतले निम्मे एस.टी.च्या पासात जात. सकाळी बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या खटल्यांची यादी, पाहायचा, डायरीत पुढच्या तारखा उतरवायच्या, नकलांचे अर्ज द्यायचे, मुदतीचा अर्ज लिहायचा, आणि पुकारा झाला की सीनियर दुसऱ्या न्यायालयात आहेत हे अदबीने सांगून वेळ मागायचा, हेच माझे पहिले वर्ष होते. हा काळ निघेल अशी घरची थोडी तजवीज असेल, किंवा नसली तरी शिकवण्या वा टंकलेखन करून ती उभी करण्याची तयारी असेल, तरच या वाटेला या.

मराठी माध्यमाबद्दल मात्र मी ठामपणे सांगते की मनात काही आणू नका. १९९८ पासून राज्यातील जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे, आणि साक्ष तर पक्षकाराच्याच बोलीत होते. माझ्या एका दाव्यात समोरच्या बाजूच्या वृद्ध साक्षीदार बाईंनी ‘बांध विहिरीच्या वरच्या अंगाला आहे’ असे सांगितले आणि त्यांच्या वकिलांनी ‘वरचे अंग’ म्हणजे उत्तर असे गृहीत धरून पुढचे प्रश्न विचारले. उलटतपासात मी एवढेच विचारले, ‘वरचं अंग म्हणजे ओढा जिकडून येतो ती बाजू ना, आजी?’ त्या लगेच हो म्हणाल्या. ओढा पश्चिमेकडून येत होता, त्यामुळे दाव्यात लिहिलेली चतुःसीमा, म्हणजे जमिनीच्या चारही बाजूंच्या हद्दी, त्यांच्याच साक्षीने चुकीची ठरली. हे मला कोणत्याही पुस्तकाने शिकवले नव्हते. शेतावर वाढलेल्या मुलीला ते ठाऊक असते.

तरीही इंग्रजी टाळून चालणार नाही, हे तितकेच खरे. उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते, निवाडे इंग्रजीत असतात, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच, म्हणजे तिथे बसणारे खंडपीठ, सुरू झाल्याने सोलापूर जिल्ह्यातील वकिलाला अपिलासाठी मुंबई गाठावी लागत नाही. ही संधी तुमच्या पिढीची आहे. त्यासाठी पहिल्या वर्षापासून रोज एका निवाड्याची चार पाने शब्दकोश जवळ ठेवून वाचा.

विधी_चौथे_वर्ष

मी पुण्यात पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या चौथ्या वर्षाला आहे आणि माझेही शिक्षण मराठी माध्यमातूनच झाले. राज्याची सीईटी मराठीतूनही देता येते आणि तिच्यात चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. खुल्या प्रवर्गासाठी बारावीला ४५ टक्क्यांची अट आहे, ती तुम्ही सहज ओलांडली आहे. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील राष्ट्रीय विधी विद्यापीठांत जायचे असेल, तर मात्र क्लॅट ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. ती केवळ इंग्रजीत असते, प्रत्येक चुकीला पाव गुण वजा होतो आणि तिथले शुल्कही बरेच जास्त आहे. पहिल्या सत्रात करार कायद्याचे एक पान वाचायला मला तासभर लागत असे आणि वसतिगृहात मी अक्षरशः रडले होते. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस ते ओझे उतरले. उत्पन्नाचा दाखला आणि जातीचा दाखला यांची कामे प्रवेशाच्या आधीच उरका, कारण शिष्यवृत्तीचे अर्ज कागदांपायी अडकलेले मी पाहिले आहेत.

पदवी_आधी_मग_कायदा

माझे मत वरील दोघींपेक्षा वेगळे आहे. मी बी.कॉम. केले, दोन वर्षे करसल्लागाराकडे नोकरी केली आणि मग तीन वर्षांचा अभ्यासक्रम घेतला. बारावीनंतर पाच वर्षांऐवजी तीन अधिक तीन अशी सहा वर्षे लागतात, म्हणजे तोटा एका वर्षाचा. पण मध्येच परिस्थिती बदलली तर हातात एक पूर्ण पदवी असते. मामांचे म्हणणे त्यामुळे अगदीच चुकीचे नाही. कर, सहकारी संस्था आणि बँकांची वसुली या कामांत वाणिज्य शाखेचा पाया मला दररोज उपयोगी पडतो. घरातून खर्चाची शाश्वती नसेल, तर हा मार्ग अधिक सुरक्षित आहे.

निवृत्त_अधीक्षक

तू माझ्या नातीच्या वयाची आहेस, म्हणून एकेरीत लिहितो. मी एकतीस वर्षे न्यायालयाच्या कार्यालयात काम केले. वकिली तुला मानवेल की नाही, हे दुसऱ्याला विचारून कळणार नाही, पण ते तपासण्याचे साधन तुमच्या घरातच आहे. वडिलांच्या दाव्याचा सोळा अक्षरांकी सीएनआर क्रमांक (प्रत्येक खटल्याला मिळणारा स्वतंत्र क्रमांक) त्यांच्या वकिलांकडून घे, तो ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर टाक आणि कोणत्या तारखेला काय झाले ते क्रमाने वाच. मग वकिलांच्या परवानगीने मूळ फाईल पाहा: आधी दावा, मग चुलत्यांची कैफियत, म्हणजे त्यांचे लेखी उत्तर, मग न्यायालयाने काढलेले मुद्दे, म्हणजे निकालासाठी ठरवलेले वादाचे प्रश्न. वडिलांची मुलगी म्हणून न वाचता, चुलत्यांच्या बाजूनेही तेवढ्याच निष्ठेने वाच. कैफियतीतल्या एखाद्या परिच्छेदापाशी ‘यात तथ्य आहे’ असे तुला वाटले आणि तरीही पुढे वाचत राहावेसे वाटले, तर माझ्या मते तू या कामासाठी योग्य आहेस. कंटाळा आला, तर तसे मान्य करण्यात काहीही कमीपणा नाही. पुढच्या तारखेला वडिलांबरोबर जा, आणि आपले काम झाल्यावरही मागच्या बाकावर दुपारपर्यंत बसून राहा.

बार्शीची_विद्यार्थिनी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आजोबा, तुम्ही सांगितल्याप्रमाणे काल रात्री वडिलांसमवेत सगळ्या तारखा वाचल्या. एकूण ४३ तारखा झाल्या आहेत आणि त्यांपैकी ११ वेळा मुदत आमच्याच बाजूने मागितलेली आहे. वडिलांना हे ठाऊक नव्हते. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. सीईटीचा अर्ज भरायला त्यांनी होकार दिला आहे. पदवी आधी करावी की थेट पाच वर्षांचा अभ्यासक्रम घ्यावा, हे फी आणि वसतिगृहाचा खर्च समजल्यावर ठरवू. शनिवारी फाईल पाहायला आमच्या वकिलांकडे जाणार आहोत. एक शंका आहे: सुरुवातीच्या काही तारखांपुढे ‘नि. ५ वर आदेश’ असे लिहिले आहे. त्याचा अर्थ काय?

तालुका_वकील

‘नि.’ म्हणजे निशाणी. फाईलमधल्या कागदाला दिलेला क्रमांक. आपल्याकडे दिवाणी दाव्यात नि. ५ हा बहुतेक वेळा तात्पुरत्या मनाईचा अर्ज असतो, म्हणजे निकाल लागेपर्यंत समोरच्याने जमीन विकू नये किंवा कब्जात अडथळा आणू नये, यासाठीचा. शनिवारी तो अर्ज आणि त्यावरचा आदेश आधी मागून घ्या. आदेशात न्यायाधीशांनी दोन्ही बाजूंचे म्हणणे थोडक्यात मांडलेले असते, त्यामुळे बाकीची फाईल वाचणे सोपे जाईल.